कोलेस्टेरॉल फार खाली गेलं की माणूस उदास होतो का?

ओवी_सिंहगडरोड
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात आधी शोधून पाहिलं. तूप चांगलं की वाईट यावरच ढीगभर धागे आहेत, मला हवं ते नाही, म्हणून नवीन काढतेय.

वडील ७१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. गेल्या दिवाळीनंतर छातीत दुखलं, एक स्टेंट बसला, तेव्हापासून बाकी गोळ्यांबरोबर रात्री कोलेस्टेरॉल उतरवायची अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन ४० चालू आहे. तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४२ होतं, परवाच्या रिपोर्टात ५१ आलं. हृदयाचे डॉक्टर खूश. बाबा खूश नाहीत. तक्रार काहीच करत नाहीत, पण पेपरातलं शब्दकोडं सोडवणं बंद झालंय. पेपर घेतात, शेवटच्या पानापर्यंत उलटतात, घडी घालून ठेवतात. पेनाचं टोपण निघत नाही. सारसबागेतल्या ग्रुपचे फोन आले की 'गुडघा दुखतोय रे' म्हणून सांगतात. गुडघा ठणठणीत आहे. पहाटे चारला उठून गॅलरीत बसलेले असतात.

त्यात आत्येभावाने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: मेंदू चरबीचाच बनलेला असतो, कोलेस्टेरॉल उतरवलं की मेंदू उपाशी मरतो, म्हणून या गोळ्या खाणारे डिप्रेशनमध्ये जातात, आत्महत्या करतात. आई हादरलीय. गोळी बंद करू म्हणते. सध्या डबा माझ्या ताब्यात आहे.

यात तथ्य किती? कुणाला अनुभव? 'डॉक्टर सगळे लुटारू' हा विषय कृपया नको.

पायरीकर
माझं एलडीएल १९० होतं तेव्हा मी अतिशय आनंदी माणूस होतो. रिपोर्ट हातात पडला आणि तेव्हापासून दुःखी आहे. तेव्हा संबंध आहेच.

चिमणी_घड्याळ
ओवी, अगदी आमच्याच घरातली गोष्ट लिहिलीस. आईला हीच गोळी, २० ची. हसतीखेळती बाई, भिशीत सगळ्यात मोठा आवाज तिचा. ती गप्प गप्प राहायला लागली, भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. शेवटी आम्हीच बंद केली गोळी. पंधरवड्यात आई पहिल्यासारखी झाली. कुणी काही म्हणो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

डॉ_टॉनिक
मेडिसिनमध्ये एमडी आहे, इथे टोपणनावानेच लिहितो. पहिली गोष्ट आधी: ओवी, गोळी परस्पर थांबवू नका. स्टेंट बसून वर्षही झालेलं नाही.

आता मेसेजबद्दल. त्यात सुरुवात खरी आहे आणि शेवट चुकीचा, म्हणूनच असे मेसेज पसरतात. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच मेंदूत असतो, आणि मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. बहुतेक कोलेस्टेरॉल मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात. पण मेंदूचं किचन स्वतंत्र आहे. रक्तातले एलडीएलचे कण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत जात नाहीत. मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल आतल्या आत तयार करतो. रिपोर्टातला १४२चा ५१ झाला म्हणजे मेंदूत तेवढं कमी झालं, असा अर्थ नाही.

भीती कुठून आली तेही सांगतो, कारण ती हवेतून आलेली नाही. १९९० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, जवळपास २५ हजार पुरुष. कोलेस्टेरॉल उतरवलेल्या गटात हृदयविकाराचे मृत्यू कमी होत होते, पण अपघात, आत्महत्या, हिंसा यांतले मृत्यू जास्त दिसले. खळबळ उडाली. मग १९९२ मध्ये लॅन्सेटमध्ये तर्क मांडला गेला की कोलेस्टेरॉल घसरलं की मेंदूतल्या सेरोटोनिन या मूडशी संबंधित रसायनाचं काम बिघडत असावं. पण ते सगळं आहार आणि जुन्या औषधांच्या काळातलं होतं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात सिमव्हास्टॅटिनची (बाबांच्या गोळीसारखीच, स्टॅटिन गटातली) मोठी चाचणी झाली, ४४४४ रुग्ण, त्यात अशा मृत्यूंची वाढ दिसली नाही. १९९० चं विश्लेषण करणाऱ्या संशोधकानेच २००१ मध्ये नव्या चाचण्या धरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा तो संबंध उरला नाही. २०२० मध्ये स्वीडनमधला अभ्यास आला, स्टॅटिन घेणारे ११ लाखांहून जास्त लोक. आत्महत्येशी संबंध सापडला नाही आणि नैराश्याचं निदान गोळी चालू असतानाच्या काळात किंचित कमीच होतं.

हार्ट अटॅकनंतर उदासी येणं मात्र फार म्हणजे फार सर्रास आहे. ते आम्ही डॉक्टर लोक विचारत नाही, हा आमचा दोष.

चिमणी_घड्याळ
डॉक्टर, तुमचे आकडे बरोबर असतील. पण ११ लाख स्वीडिश लोकांमध्ये माझी आई नव्हती.

नाना_भिकारदास
आमचे आजोबा वाटीभर साजूक तूप भातावर घेऊन ९२ वर्षे जगले. कधी उदास नाही. उदास व्हायला वेळच नव्हता, आजी होती.

पायरीकर
नाना, तुमच्या आजोबांना दोन भाऊ होते ना? ते किती जगले? तूप खाऊन पन्नाशीत गेलेल्या आजोबांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण सांगायला नातवंडांनी त्यांना पाहिलेलंच नसतं.

नाना_भिकारदास
त्यांचा विषय काढू नये. घरगुती बाब आहे.

विदावेडा
चिमणीताई, रागावू नका, पण तुमच्या प्रतिसादावरून एक चाचणी आठवली, ती सांगतोच. नाव सॅमसन, लंडनमध्ये झाली, २०२० मध्ये छापून आली. यात घेतले ६० लोक, सगळे असे की ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडली होती. म्हणजे तुमच्या आईसारखे. प्रत्येकाला १२ बाटल्या, महिन्याला एक. चारांत खरी गोळी, चारांत दिसायला तशीच पण खोटी, आणि चार चक्क रिकाम्या. रोज फोनवर त्रासाला ० ते १०० मधला आकडा द्यायचा.

रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. बघा, गोळीने त्रास दुप्पट! पण खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५.४. म्हणजे गोळीमुळे वाटणाऱ्या त्रासातला ९० टक्के भाग गोळी 'घेतोय' यातूनच येत होता. आणि त्रास खोटा नव्हता हं, लोकांना खरंच होत होता. हे आकडे त्यांना दाखवल्यावर निम्म्यांनी पुन्हा गोळी सुरू केली.

चिमणी_घड्याळ
माझ्या आईला इंटरनेट येत नाही, मेसेज वाचत नाही. तिला कुणी सांगितलं होतं उदास व्हायला?

विदावेडा
तोही मुद्दा आहे. शिवाय सॅमसनमध्ये अंगदुखी, थकवा हाच विषय जास्त होता, मूड हा मुख्य प्रश्न नव्हता. तेवढं तुमच्या बाजूने.

डॉ_टॉनिक
चिमणीताईंच्या बाजूने मीही एक घालतो. क्वचित काही जणांना या गोळ्यांनी विसराळूपणा, गोंधळल्यासारखं वाटतं, अशा नोंदी आल्या म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात ते घातलं. गोळी थांबवली की ते जातं असंही त्यातच आहे. तेव्हा भाजीत दोनदा मीठ, हे मी धुडकावून लावणार नाही. पण 'बंद केली आणि विषय संपला' हेही बरोबर नाही. अ‍ॅटॉर्व्हा, सिमव्हा या चरबीत विरघळणाऱ्या. रोझुव्हा, प्रॅव्हा पाण्यात. डोस कमी करता येतो, एझेटिमाइबसारखं वेगळं औषध देता येतं. ज्यांनी दिली त्यांना जाऊन सांगा.

तर्री_प्रेमी
या सगळ्यात मिसळीचं काय? माझा मूड रविवारी सकाळी तर्रीवर अवलंबून असतो. यावर अभ्यास झाला आहे का?

पायरीकर
तर्री म्हणजे तेलच, आणि तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत. हे ऐकून माझा मूड लगेच सुधारला. मग डॉक्टरांनी सांगितलं की शरीर स्वतःच ते तयार करतं, आणि संतृप्त चरबी जास्त खाल्ली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला टाळाटाळ करतं. पुन्हा बिघडला.

थकवाराणी
मिसळवाल्यांनी वेगळा धागा काढा बघू. ओवी, माझं ऐक.

मी चाळिशीची. सतत थकवा, रडू यायचं, ऑफिसात माणसांची नावं आठवायची नाहीत, वजन वाढत गेलेलं. एकीकडे कोलेस्टेरॉल २७०. एका ठिकाणी कोलेस्टेरॉलची गोळी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी 'स्ट्रेस घेऊ नका' मिळालं. नवरा म्हणायचा तुला भुलेश्वरला नेऊन आणतो, मोकळी हवा लागली की बरं वाटेल. मग आमच्या सोसायटीतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी हात हातात घेतला, गार लागला, कातडी बघितली, म्हणाले आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून ये. टीएसएच पन्नाशीच्या पुढे. थायरॉईड झोपलेलं होतं. ते मंदावलं की एलडीएल रक्तातून साफ होण्याचं काम मंदावतं आणि माणूसही मंदावतो. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर दोन्ही उतरलं, कोलेस्टेरॉल आणि रडणं.

म्हणजे कोलेस्टेरॉल आणि मन यांचं नातं मला तरी होतं, पण ते एकमेकांचं नव्हतं, दोघांचा बाप तिसराच होता. बाबांची टीएसएच केली आहे का कधी?

शुद्ध_शाकाहारी
आणि बी१२! पुण्यात राहून बी१२ न तपासणं म्हणजे कमाल. आपण शाकाहारी, त्यात चहा-पोळीवर दिवस. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने शहरातल्या आणि खेड्यातल्या पुरुषांची तपासणी केली होती, २००६ मध्ये छापली. निम्म्याहून जास्त पुरुषांचं बी१२ कमी निघालं. बी१२ कमी की विसरणं, चिडचिड, उदासी, हातापायाला मुंग्या.

त्यांचाच तो फोटो आठवतो का? याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, २२.३. साहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या माणसाच्या अंगात २१.२. आपण बारीक दिसतो, असतो नव्हे.

नाना_भिकारदास
आमच्याकडे बारीक दिसण्याचाही प्रश्न नाही. प्रामाणिक घराणे.

सीए_हैराण
उलट बाजूचंही कुणी बोलेल का? मनामुळे कोलेस्टेरॉल वाढतं का? माझ्या धंद्यावरचाच एक जुना अभ्यास आहे म्हणून विचारतो. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयतज्ज्ञांनी करसल्लागारांचं रक्त महिनोन्महिने तपासलं. तिकडे विवरणपत्राची शेवटची तारीख १५ एप्रिल. तारीख जवळ आली तसं कोलेस्टेरॉल चढलं, रक्त लवकर गोठायला लागलं, आणि तारीख उलटून गेल्यावर उतरलं. खाण्यातल्या फरकाने ते समजावता येत नव्हतं.

आमच्याकडे जुलै अखेर आणि सप्टेंबर अखेर. त्यात पोर्टल चालत नाही. मुदतवाढीची बातमी रात्री साडेअकराला येते. माझं रक्त त्या आठवड्यात घेतलं तर लॅबवाला घाबरेल.

जवसचटणी
रोज एक चमचा जवसाची चटणी खा, ओमेगा-३ मिळतं, मन आणि हृदय दोन्ही शांत. कुठल्या गोळीची गरज नाही.

विदावेडा
जवसाची चटणी जरूर खा, मीही खातो, भाकरीबरोबर स्वर्ग. पण 'गरज नाही' म्हणू नका. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवरच्या चाचणीत ओमेगा-३ च्या कॅप्सूलनी नैराश्य टळलं नाही. आणि गोळीवाल्यांनीही उड्या मारू नयेत. स्टॅटिन जळजळ कमी करते, म्हणून ती नैराश्यावरही चालेल का, हे पाहिलं गेलं. पाकिस्तानात, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांवर सिमव्हास्टॅटिन देऊन पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला. खोट्या गोळीपेक्षा फायदा नाही. म्हणजे ही गोळी मन खचवतही नाही आणि उभारीही देत नाही, असा आजवरचा कौल.

जवसचटणी
चटणीत कढीपत्ता घालता का तुम्ही?

विदावेडा
घालतो. आणि थोडी चिंच.

धाकटा_भाऊ
इतके दिवस फक्त वाचत होतो, पण सीए साहेबांनी उलट बाजू काढली म्हणून लिहितो.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झपीनने आवाज थांबले, झोप आली, घरात शांतता आली. त्या औषधाला मी नावं ठेवणार नाही. पण वर्षाच्या आत कपड्यांचं माप तीनदा बदललं. भूक अशी की रात्री उठून डबे उघडायचा. आई म्हणायची खातोय ना, बरा होतोय. कुणी सांगितलं नाही की या औषधांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि साखर वाढते. मला ते एका पालकसभेत दुसऱ्या पेशंटच्या वडिलांकडून कळलं. तपासलं तर ट्रायग्लिसराइड ४६०. रिपोर्टात एलडीएलच्या जागी आकडाच नव्हता, कारण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की नेहमीच्या सूत्राने एलडीएल काढता येत नाही.

आणि याहून वाईट पुढे. भाऊ छातीत भरून येतंय म्हणाला तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात फाइलवरचं निदान वाचलं आणि त्या तरुण डॉक्टरने आम्हालाच विचारलं, 'गोळ्या वेळेवर घेतोय ना?' ईसीजी आम्ही मागून घेतला. सुदैवाने नीट निघाला. गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा-वीस वर्षं लवकर जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे, हे मी नंतर वाचलं. कोलेस्टेरॉल आणि मन असा विषय निघाला की सगळे गोळीने उदासी येते का एवढंच विचारतात. आमच्यासारख्या घरांचा प्रश्न कुणी विचारत नाही.

डॉ_टॉनिक
हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. ओलान्झपीन आणि क्लोझापीन यात सगळ्यात पुढे, क्वेटायपीनही आहे. सुरू करण्याआधी वजन, कमरेचं माप, साखर, लिपिड. मग तीन महिन्यांनी पुन्हा. मग ठरावीक काळाने. विसरलं गेलं तर नातेवाइकांनी बिनधास्त विचारावं. औषध बदलता येतं, सोबत मेटफॉर्मिन, स्टॅटिन देता येतं. मनाची गोळी मात्र स्वतःहून सोडायची नाही. भाऊंचं आता कसं आहे?

धाकटा_भाऊ
औषध बदललं. वजन हळूहळू उतरतंय. रोज संध्याकाळी तळजाईवर माझ्याबरोबर येतो. बोलत नाही, पण येतो.

माकडछाप
विषयांतर करतो. माकडांवरही प्रयोग झालेत. १९९० च्या आसपास अमेरिकेत माकडांच्या टोळ्यांना कमी कोलेस्टेरॉलचा आहार दिला तर ती जास्त भांडकुदळ झाली. म्हणजे मुळात काहीच नाही असं नाही. शिवाय एक जन्मजात आजार आहे, स्मिथ-लेमली-ओपिट्झ, त्यात शरीराला कोलेस्टेरॉल तयार करण्याची शेवटची पायरीच जमत नाही. त्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि वागण्यावर मोठा परिणाम होतो.

विदावेडा
मान्य, पण त्या मुलांच्या मेंदूतच ते कमी बनतं. सत्तरीच्या माणसाचं रक्तातलं एलडीएल औषधाने उतरणं ही वेगळी गोष्ट. आणि लोकसंख्येच्या अभ्यासांत कमी कोलेस्टेरॉल आणि नैराश्य सोबत दिसतात तेव्हा उलटाही प्रवास असू शकतो: जेवण सुटलं, वजन घटलं, म्हणून कोलेस्टेरॉल घसरलं. दारू, कर्करोग, लांबलेला आजार, सगळ्यांनी ते घसरतं. इव्होलोक्युमॅब नावाच्या इंजेक्शनने एलडीएल २५च्याही खाली नेलेल्या लोकांची स्मरणशक्ती मुद्दाम तपासली, २०१७. फरक नाही.

तर्री_प्रेमी
पुण्यातल्या रिक्षावाल्यांचं कोलेस्टेरॉल तपासायला हवं. माकडांची काही गरज नव्हती.

ओवी_सिंहगडरोड
सगळ्यांचे आभार, आई आणि मी मिळून वाचतोय. धाकटा_भाऊ, तुमचं वाचून आई बराच वेळ काही बोलली नाही.

प्रश्नांची उत्तरं: टीएसएच जुनी आहे, तेव्हा नॉर्मल होती. बी१२ कधीच केलेलं नाही. जेवण कमी झालंय, पण आम्ही ते पथ्य समजत होतो. स्टॅटिनशिवाय रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आणि मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद करायची गोळी) आहे. काल मी सहज विचारलं, बाबा, कोडं का नाही सोडवत? तर म्हणाले, 'आता काय सोडवायचं राहिलंय.' हसत म्हणाले, पण मला ते हसणं नाही आवडलं.

मनमोकळी
मी समुपदेशनाचं काम करायचे, आता निवृत्त आहे. ओवी, ते वाक्य सोडून देऊ नकोस गं. पहाटे लवकर जाग येणं, आवडीची गोष्ट सुटणं, माणसं टाळणं, जेवण कमी होणं, आणि हे वाक्य. याला बघायलाच हवं.

त्या पिढीच्या पुरुषांना 'तुम्हाला डिप्रेशन आलंय का' विचारलं की 'छे' एवढंच येतं. झोपेपासून सुरू कर. झोप कशी लागते, उठल्यावर मनात काय येतं. आणि मग सरळ विचार: बाबा, जगू नये असं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. उत्तर 'हो' आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, त्यांना एकटं ठेवायचं नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तूही करू शकतेस, पेशंटनेच करायला हवा असं नाही.

स्टेंटधारी
ओवीताई, मी तुमच्या बाबांच्या जागेवरून लिहितो. मला दोन आहेत. गोळी हीच, ८० ची, आता ४०.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी दुधाची पिशवी उचलली तर बायको किंचाळली. अर्ध्या लिटरची पिशवी. मुलगा गाडीची किल्ली घेऊन गेला. सुनेने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली, मला दिसेल पण हात पुरणार नाही अशी. मी संडासात गेलो तर बाहेर पावलं थांबायची. ढेकर दिला की चार माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. प्रेमापोटीच सगळं. पण त्या नजरांनी मला रोज सांगितलं की तू आता जायचा माणूस आहेस. रात्री डाव्या कुशीवर झोपलो की ठोके ऐकू यायचे, ते मोजत बसायचो, पुढचा पडला नाही तर काय म्हणून. झोप उडाली. कुणाला सांगणार?

मला बरं वाटायला लागलं ते फिजिओथेरपिस्टकडे जायला लागल्यावर. तिने ट्रेडमिलवर चालवलं, बोटाला यंत्र लावलं, आणि आकडा दाखवून म्हणाली, 'काका, तुमचं हृदय हे करू शकतं.' त्या दिवशी मी मंडईत जाऊन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलो. थोड्या गोळ्या मनाच्याही घेतल्या, सर्ट्रालीन, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. एलडीएल तेव्हा ४७ होतं आणि आजही पन्नासच्या आतच आहे. बाबांना काहीतरी उचलू द्या.

डॉ_टॉनिक
सर्ट्रालीनवर हृदयरोग्यांमध्ये चाचण्या झाल्या आहेत, हृदयाच्या दृष्टीने ती सुरक्षित दिसली. पण रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची नाही. मेटोप्रोलॉलने थकवा, विचित्र स्वप्नं, झोपमोड होऊ शकते, तेही विचारा. आणि ओवी, ५१ आकड्याबद्दल: भारतीय हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये लिपिडची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात बाबांसारख्या रुग्णांसाठी एलडीएल ५५च्या खाली हवं असं आहे. तुमच्या डॉक्टरांनी ठरवून आणलेला आकडा आहे तो.

चिमणी_घड्याळ
आईला रविवारी घेऊन जाते डॉक्टरांकडे. माझं मत बदललेलं नाही. पण वेगळी गोळी असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

नाना_भिकारदास
पाटी लावा: 'येथे कोलेस्टेरॉलचे सल्ले फुकट मिळतील. दुपारी १ ते ४ कुणीही उदास होऊ नये.'

ओवी_सिंहगडरोड
थोडं पुढचं सांगते. मनमोकळीताई, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. 'नाही गं, तसं काही नाही' म्हणाले, पण मग अर्धा तास बोलले. ठोके मोजण्याचंच बोलले, स्टेंटधारी काकांसारखं. मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटल्यावर मात्र, 'मी काय येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायचा झालोय का?' आई म्हणाली, 'मग कोलेस्टेरॉलच्याच डॉक्टरांना सांगा.' त्याला तयार झाले. फोनवर त्यांनी टीएसएच, बी१२, हिमोग्लोबिन सांगितलंय, सोमवारी रिपोर्ट घेऊन बोलावलंय, आणि झोपेबद्दल बाबांशी स्वतः बोलतो म्हणालेत. गोळी चालू आहे. डबा आता बाबांकडेच दिलाय.

मनमोकळी
छान. तिथून सुरुवात झाली तरी चालते. पुढे मनोविकारतज्ज्ञ लागले तर तेच डॉक्टर पाठवतील, मग येरवड्याचा प्रश्न येत नाही. येरवड्यालाही बाह्यरुग्ण विभाग आहे, लोक जातात आणि घरी येऊन जेवतात, हे त्यांना केव्हातरी सांग.

थकवाराणी
रक्त द्यायला जाण्याआधी बघ, बायोटिन घेत नाहीत ना? केसांच्या गोळ्यांत भरपूर असतं, त्याने बऱ्याच लॅबमध्ये टीएसएच चुकीचं येतं. माझं एकदा आलं होतं.

ओवी_सिंहगडरोड
बाबांना केसच नाहीत :)

थकवाराणी
बी-कॉम्प्लेक्समध्येही असतं गं. आणि ते चालू असेल तर बी१२ पण वर दिसेल.

ओवी_सिंहगडरोड
अरे देवा. ते आहे, आईच देते, नाश्त्यानंतर. मग किती दिवस आधी बंद करायचं, डॉक्टर?

डॉ_टॉनिक
बायोटिनसाठी दोन-तीन दिवस पुरतात साध्या डोसला. बी१२ साठी तेवढ्याने भागत नाही, तेव्हा ते घेत होते असं लॅबच्या कागदावर लिहून द्या आणि सोमवारी डॉक्टरांनाही सांगा.